विश्लेषण : समुद्रावरील बर्फाखाली ऊन पोहोचते तेव्हा काय घडते?

आर्क्टिक महासागरातील बर्फ आक्रसतो आहे, ही आता नवी बातमी राहिलेली नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत खाली आला आणि उपग्रह नोंदींतील तो आजवरचा नीचांक आहे. चर्चा मात्र नेहमी क्षेत्रफळाची होते किंवा ध्रुवीय अस्वलाची. बर्फाखालच्या पाण्यात किती ऊन उतरते, केव्हा उतरते आणि कोणत्या रंगाचे उतरते, हा प्रश्न मागेच राहतो. तेथील सगळ्या जीवसृष्टीचा हिशेब मात्र याच प्रश्नावर अवलंबून आहे.

बर्फातून ऊन खाली जाते तरी किती?

मराठीत आपण दोन्हींना बर्फच म्हणतो, पण येथे फरक करावा लागतो. समुद्राचे पाणी गोठून झालेला घट्ट बर्फ वेगळा आणि त्यावर पडलेले भुसभुशीत हिम वेगळे. ताजे हिम त्यावर पडलेल्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून अधिक परतवून लावते. उरलेल्यातील बराचसा प्रकाश हिमाचे कण इकडेतिकडे विखुरतात. त्यामुळे वीतभर हिमाचा थर एक-दोन मीटर जाडीच्या उघड्या बर्फाइतका प्रकाश अडवू शकतो. उन्हाळ्यात हिम वितळते, बर्फावर निळसर पाण्याची डबकी साचतात आणि हीच डबकी खिडक्यांसारखी काम करू लागतात. खुला समुद्र तर जेमतेम ६ ते ७ टक्के ऊनच परतवतो.

बर्फाचे वयही महत्त्वाचे. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या संशोधकांनी २०११ च्या उन्हाळ्यात बर्फाखाली दूरनियंत्रित यान सोडून मोजणी केली. अनेक वर्षे टिकलेल्या बर्फातून सुमारे ४ टक्के, तर एकाच हिवाळ्यात तयार झालेल्या बर्फातून सुमारे ११ टक्के प्रकाश खाली जात होता. आर्क्टिकमध्ये जुना बर्फ कमी होऊन त्याची जागा असा एकवर्षी बर्फ घेत आहे. म्हणजे नकाशावर पांढरा रंग कायम दिसला तरी खालचा अंधार पूर्वीसारखा राहिलेला नाही.

एवढ्याशा प्रकाशात कोण जगते?

बर्फाच्या तळाला, खाऱ्या पाण्याच्या बारीक वाहिन्यांत सूक्ष्म शैवाल वाढते. वसंतात बर्फाची खालची बाजू चक्क तपकिरी दिसते, ती त्यामुळेच. मेलोसिरा आर्क्टिका या जातीच्या तर मीटर-मीटर लांबीच्या झिपऱ्या बर्फाखाली लोंबतात. २०१२ मध्ये अँत्ये बोइटियस यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेला बर्फ वितळल्यावर गळून पडलेले हे शैवाल मध्य आर्क्टिकमध्ये चार किलोमीटरहून अधिक खोल तळाशी आढळले.

या शैवालाची काटकसर थक्क करणारी आहे. ‘पोलारश्टर्न’ हे जहाज २०१९-२० मध्ये मुद्दाम बर्फात अडकवून वाहवत नेण्यात आले. त्या ‘मोझेइक’ मोहिमेत मार्च २०२० च्या अखेरीस, ध्रुवीय रात्र संपून काही दिवसच झाले असताना, बर्फाखालच्या पाण्यात सूक्ष्म शैवालाची वाढ सुरू झाल्याचे दिसले. क्लारा होप्पे आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ही मोजमापे प्रसिद्ध केली. तेव्हाचा प्रकाश दर चौरस मीटर दर सेकंदाला अवघा ०.०४ मायक्रोमोल होता. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा २००० च्या आसपास असतो. प्रकाशसंश्लेषणासाठी सैद्धांतिकदृष्ट्या जो किमान प्रकाश लागतो, त्याच्या अगदी जवळची ही पातळी आहे.

मग जास्त ऊन म्हणजे जास्त जीवन?

वरवर पाहता तसेच वाटते. जुलै २०११ मध्ये अलास्काजवळच्या चुकची समुद्रात ‘नासा’च्या ‘आइसस्केप’ मोहिमेला साधारण मीटरभर जाडीच्या बर्फाखाली वनस्पतीप्लवकांचा प्रचंड बहर सापडला. बर्फाच्या कडेपासून आत १०० किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत तो पसरला होता. तोवर असा बहर बर्फ हटल्यावरच येतो, असे मानले जात असे. उपग्रहाला बर्फाखालचे पाणी दिसत नाही, त्यामुळे आधीचे अंदाज किती तोकडे होते तेही उघड झाले.

पण खरी अडचण प्रमाणाची नाही, वेळेची आहे. कॅलॅनस ग्लेशियालिस हा काही मिलिमीटर लांबीचा कवचधारी प्राणीप्लवक घ्या. त्याच्या माद्या वसंतात बर्फाचे शैवाल खाऊन अंडी घालतात. पिल्ले खाण्याजोगी होईपर्यंत पाण्यातला दुसरा बहर यावा लागतो. स्वालबार्डमधील रिप फ्योर्डमध्ये २००७ साली या दोन बहरांमध्ये सुमारे दोन महिन्यांचे अंतर होते आणि ते कॅलॅनसला सोयीचे ठरले. बर्फ लवकर हटला तर दुसरा बहर पुढे सरकतो आणि पिल्ले ताटावर उशिरा पोहोचतात. या जीवाच्या अंगातील चरबीवर ध्रुवीय कॉड मासा आणि लिटल ऑकसारखे पक्षी जगतात. कॉडवर सील आणि सीलवर अस्वल. अस्वलाची गोष्ट सांगायचीच तर ती येथून सुरू व्हायला हवी.

प्राणीप्लवकांसाठी प्रकाश म्हणजे धोकाही आहे. उजेडात मासे त्यांना टिपतात, म्हणून ते दिवसा खोल जातात, अंधारात वर येतात. ध्रुवीय रात्रीत सूर्य नसतो, तेव्हा हेच चक्र चंद्रावर चालते, असे २०१६ च्या एका अभ्यासात दिसले. बर्फ पातळ झाला की उजेड खोलवर शिरतो आणि हे जीव अधिक काळ खालीच थांबतील, असा इशारा हाउके फ्लोरेस यांच्या गटाने २०२३ मध्ये दिला. खाद्य वर बर्फाला चिकटलेले आणि खाणारे खाली अडकलेले, असा हा पेच आहे.

रंगाचा काय संबंध?

बर्फ प्रकाश अडवतो, पण फारसा गाळत नाही. जवळपास सर्व रंग थोडेथोडे खाली जातात. द्रवरूप पाणी मात्र लाल रंग चटकन शोषते आणि खोलवर निळाच उरतो. ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवले, की बर्फ गेल्यावर प्रकाशाचा पट्टा असा अरुंद होतो. विविध रंग टिपणाऱ्या बर्फाखालच्या शैवालाऐवजी निळ्यावर जगणाऱ्या जातींचे फावते. कोणते शैवाल वाढते यावर खाणाऱ्याला काय मिळते हे ठरत असल्याने हा केवळ रंगाचा मामला नाही.

अंटार्क्टिकात चित्र वेगळे आहे का?

तळाशी जाऊन पाहिले तर तेथे बदल अधिक झटक्यात होऊ शकतो. उथळ तळावर स्पंज आणि इतर अंधारप्रिय प्राण्यांच्या वसाहती बर्फाच्या छताखाली टिकून आहेत. तेथील सर्वाधिक ऊन डिसेंबरच्या आसपास मिळते. बर्फ त्या दिवसांच्या थोडा आधी फुटला, तरी तळाला वर्षभरात मिळणारा प्रकाश कैक पटींनी वाढतो आणि समुद्री शैवाल या प्राण्यांची जागा बळकावू शकते, असे ऑस्ट्रेलियाच्या केसी तळाजवळील अभ्यासातून २०१३ मध्ये मांडले गेले.

भारत यात कुठे?

गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र स्वालबार्डमधील ‘हिमाद्री’ तळ २००८ पासून चालवते. तेथील काँग्स फ्योर्डमध्ये २०१४ साली ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची वेधशाळा बसवण्यात आली आणि डिसेंबर २०२३ पासून भारतीय संशोधक हिवाळ्यातही तेथे जाऊ लागले. ध्रुवीय रात्रीचे मोजमाप नसेल तर वसंतातला पहिला प्रकाश कळत नाही, म्हणून हा निर्णय कागदावर दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे.

मोजमापाची घाई असण्याचे आणखी एक कारण आहे. मध्य आर्क्टिकमध्ये व्यावसायिक मासेमारी न करण्याचा करार नऊ देश आणि युरोपीय संघाने २०१८ मध्ये केला. जून २०२१ मध्ये तो १६ वर्षांसाठी लागू झाला. भारत त्यात नाही. २०३७ मध्ये मुदत संपताना तेथे मासे किती आहेत, ते कशावर जगतात आणि जाळी टाकू द्यायची का, यावर चर्चा होईल. त्या टेबलावर बर्फाखालच्या प्रकाशाच्या किती वर्षांच्या सलग नोंदी असतील, हे आता बसवल्या जाणाऱ्या उपकरणांवर ठरणार आहे.