सहा उशा आणि आमची सहल

मागच्या बैठकीत मी सहज बोलून गेले, की आम्ही ४ मैत्रिणी थायलंड, बाली आणि मालदीव अशी १८ दिवसांची सहल ठरवतो आहोत, आणि तीही चांगल्यातल्या हॉटेलांत राहून. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, "तू? पंचतारांकित?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

आमच्यातल्या एकीने ३६ वर्षं सरकारी इस्पितळात पाळ्या केल्या. दुसरी बँकेतून निवृत्त झाली, तिसरीने नवऱ्याचं घर सोडून एकटीने मुलगी वाढवली. चौथी मी, शाळामास्तरीण. चौघींनी प्रवास पुष्कळ केले. पण पहाटे ३ ला उठून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधली नाही, सासूबाईंच्या गोळ्या मोजल्या नाहीत, धर्मशाळेत पोचल्यावर आधी मुलांचे कपडे धुतले नाहीत, असा प्रवास एकीनेही केलेला नाही. विश्रांती हा बाईचा हक्क आहे असं आपण शिबिरांत म्हणतो. मग तो हक्क कुणी स्वतःच्या पैशाने बजावायला निघालं, की आपल्याच कपाळावर आठी का येते?

सहल ठरवणाऱ्या कचेरीत पहिला प्रश्न आला, "बरोबर जेंट्स कोण?" कुणी नाही म्हटल्यावर त्या गृहस्थाने आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि एका खोलीत एकच मोठा पलंग, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या, अशी चित्रं पुढे सरकवली. महागडी सहल म्हणजे हनिमून, नाहीतर पुरुषांची मौजमजा. बाई त्यात एक तर नवरी असते, नाहीतर करमणूक.

ते चित्र मी बराच वेळ पाहत राहिले, ते उशांसाठी. पलंगावर ६ उशा होत्या. माझी चुलत वहिनी मुंबईत एका मोठ्या हॉटेलात खोल्या आवरायचं काम करत असे. एका पाळीत १५-१६ खोल्या. ती म्हणायची, "हॉटेल जितकं भारी, तितकी गादी जाड नि उशा जास्त. गादीचा कोपरा उचलून चादर खोचायची म्हणजे कंबर गेली समजा." श्रीमंती उशांवर मोजायची आणि त्यांचं ओझं बाईच्या मणक्यावर टाकायचं. मी तिच्या कमरेला शेकाची पिशवी भरून दिलेली आहे. म्हणून मला ही सहल डोळे मिटून करता येणार नाही, आणि सोडूनही द्यायची नाही.

थोडं वाचलं. थायलंडच्या त्या बाजाराला पाया मिळाला तो व्हिएतनाम युद्धात: १९६७ साली अमेरिकेशी करार होऊन सैनिक तिथे 'विश्रांती'ला येऊ लागले. (विश्रांती! शब्द तोच.) १९६० च्या कायद्याने वेश्याव्यवसायाला बंदी होती आणि १९६६ च्या कायद्याने करमणुकीच्या जागांना परवाने. म्हणजे धंदा मालकाचा, गुन्हा बाईचा. पण तिथल्या बायकांना नुसत्या बिचाऱ्या म्हणून आपण मोकळ्या होऊ नये. 'एम्पॉवर' ही त्यांची संघटना १९८५ पासून उभी आहे, आणि २००६ साली तिने चिआंग माईत स्वतःचा बार काढला, तिथे काम करणाऱ्यांना रजा आणि कामाचे ठरलेले तास देणारा.

बालीत बाई रोज नारळाच्या कोवळ्या पानांचे द्रोण करून त्यात फुलं मांडते, देवाला वाहते. गावच्या सणासमारंभाचं कामही तिच्याच अंगावर. हॉटेलात नोकरी लागली की गाव रजा देत नाही नि हॉटेलही देत नाही. मग ते द्रोण ती दुसऱ्या बाईकडून विकत घेते. ही दुहेरी पाळी आपल्याला ओळखीची आहे. मालदीवची गोष्ट वेगळी. १९७२ साली तिथे पहिलं रिसॉर्ट निघालं, आणि पुढे एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट अशी रीत पडली. कामगारांनी त्याच बेटावर राहायचं. रात्री घराबाहेर राहणारी मुलगी घरच्यांना चालत नाही, म्हणून तिथल्या बायका या नोकऱ्यांत फारच थोड्या. २००९ च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर अतिथीगृहांना परवानगी मिळाली. तिथे बाई काम करून संध्याकाळी घरी जाऊ शकते.

मैत्रिणींनो, कायदा अगदीच नाही असं नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९१ साली हॉटेल कामगारांसाठी १७२ क्रमांकाचा करार केला. बक्षिसी मिळो न मिळो, ठरलेला पगार नियमित मिळालाच पाहिजे, असं त्यात आहे. भारताने त्यावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही, त्यामुळे थायलंडला नावं ठेवण्याचा तोरा आपण मिरवू नये. आणि या कामगार बायका गप्प नाहीत. २०१८ साली हवाईत वायकिकीच्या हॉटेलांतल्या कामगारांनी ५१ दिवस संप केला. 'पृथ्वी वाचवा, खोली रोज साफ करून घेऊ नका' या पाटीवरही त्यांचा आक्षेप होता, कारण वाचत होती ती हॉटेलची मजुरी. मला तोवर ती पाटी फार पुरोगामी वाटायची!

आम्ही ५ हॉटेलांना पत्रं लिहिली. एका पाळीत किती खोल्या? खोली आवरणारी कायम नोकरीत की ठेकेदाराची? पाहुण्याने अंगचटी केली तर तिने कुणाला सांगायचं? दोघांनी उत्तर दिलं. एकाने सविस्तर, एकाने समुद्राचे फोटो पाठवून. तिघं गप्प.

आता भांडण आमच्यातच आहे. बँकवाली म्हणते, सविस्तर लिहिणाऱ्या हॉटेलातच राहू, बाकी रद्द. मला मालदीवचं रिसॉर्ट वगळून वस्तीच्या बेटावर जायचं आहे. नर्स म्हणते, "मी ३६ वर्षं दुसऱ्यांच्या चादरी बदलल्या. एकदा तरी पाण्यावरच्या त्या लाकडी घरात झोपणार. आवरणारीला बक्षिसी हातात देईन, तिचं नाव विचारीन, आणि दुपारी १२ पर्यंत उठणार नाही." तिला काय उत्तर द्यावं, मला सुचलेलं नाही. आगाऊ रक्कम भरायला अजून ९ दिवस आहेत.