मुक्या फ्लॉपी आणि बोलक्या वह्या

निवृत्तीनंतर कोणी बाग फुलवतो, कोणी टपाल तिकिटे जमवतो. आम्हा काही समवयस्कांना मात्र जुने, उचलून नेता येणारे संगणक मिळवून पुन्हा चालू करण्याचा छंद जडला आहे.

या यंत्रांचा इतिहास रंजक आहे. १९८१ साली अमेरिकेत 'ऑस्बर्न १' विक्रीस आला. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर. तरी तो हातोहात खपला. त्याचे प्रवर्तक ॲडम ऑस्बर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ साली त्यांचे निधनही तेथेच, कोडाईकॅनाल येथे झाले. १९८३ चा 'टीआरएस-८० मॉडेल १००' तर चार पेन्सिल सेलवर चालत असे.

आपल्याकडे रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत यांत्रिकीकरणाने वेग घेतला. पुढे पेढ्यांवरही संगणक आले आणि खतावणी वहीतून फ्लॉपीत गेली. येथेच हा छंद करमणुकीपलीकडे जातो. पणजोबांची रोजमेळाची वही आजही उघडून वाचता येते; तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी मात्र ती वाचणारे यंत्र नसेल तर मुकीच राहते.

नाटे येथील खाऱ्या, दमट हवेत असे यंत्र माळ्यावर टिकणे कठीण. सापडलेच, तर ते लगेच विजेला जोडू नये. प्रथम जुनी बॅटरी काढावी. गळलेले रसायन आतील तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. परदेशातून आलेले यंत्र ११० व्होल्टचे असू शकते, तेही तपासावे. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील सरकती खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिले जात नाही. ती वाचणारा यूएसबी ड्राइव्ह मिळतो; सव्वापाच इंचीसाठी मात्र जुनाच ड्राइव्ह लागतो. हिशेब हाती आला की तो कागदावर छापून घ्यावा.

दिवाळीच्या साफसफाईत जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी एवढे अवश्य करावे. आणखी एक गोष्ट यंत्राहूनही निकडीची आहे. त्या काळचा प्रोग्राम कसा चालवायचा, पासवर्ड काय होता, हे पुष्कळदा पेढीवरच्या वृद्ध मुनीमजींनाच ठाऊक असते. त्यांना आजच विचारून ठेवावे.