बिबट्या पकडून नेला की प्रश्न सुटतो का?

रात्री बाराच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीसीटीव्हीची क्लिप येते. कंपाउंडच्या भिंतीवर बिबट्या, खाली भुंकणारी कुत्री. सकाळपर्यंत ग्रुपवर एकच मागणी : पिंजरा लावा, याला इथून न्या. मुंबई-ठाण्यात जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना हे नवीन नाही आणि त्यांची भीती खोटीही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरे कॉलनीत बिबट्याच्या हल्ल्यात एका चिमुकलीचा जीव गेला. पण पिंजऱ्याने ही भीती खरंच संपते का?

बिबट्या शहरात का दिसतो?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. बोरिवली, गोरेगाव, भांडुप, मुलुंड, ठाणे असं शहर वाढत वाढत त्याच्या कुंपणापर्यंत पोहोचलं. तरीही कॅमेरा ट्रॅपच्या आधारे केलेल्या पाहणीत इथे आणि लगतच्या भागात २०१५ मध्ये ३५, २०१८ मध्ये ४७, तर २०२४ मध्ये ५४ बिबटे आढळले.

एवढ्याशा जागेत एवढे बिबटे जगतात कसे? जंगलात चितळ-सांबर आहेतच. पण कडेला आपण टाकलेला कचरा आहे, कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्री आहेत आणि कुत्रं ही बिबट्यासाठी सोपी शिकार आहे. म्हणजे त्याला ताट आपणच वाढून ठेवतो.

संख्या वाढतेय, मग धोका कसला?

एका उद्यानातल्या आकड्यावरून प्रजातीची स्थिती ठरत नाही. जागतिक लाल यादीत बिबट्या 'असुरक्षित' गटात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघाच्या जोडीला आहे. २०२२ च्या अंदाजानुसार देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत. रस्ते आणि इमारतींनी जंगलांचे तुकडे पडतात, तेव्हा एका जंगलातून दुसऱ्यात जाणं जीवघेणं ठरतं. संजय गांधी उद्यान आणि तुंगारेश्वरच्या मधल्या घोडबंदर परिसरात वाहनांच्या धडकेत बिबटे मेले आहेत.

पिंजरा का फसतो?

याचा धडा जुन्नरने दिला आहे. २००१ ते २००३ या काळात तिथून बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. या काळात ते १७ वर गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

कारण साधं आहे. बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. तो हलवला की रिकाम्या जागेत दुसरा येतो. हलवलेला बिबट्या अनोळखी मुलखात भटकतो, परतीची वाट शोधताना वस्त्यांतून जातो. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर बिघाड न शोधता फक्त पार्ट बदलला, तर यंत्र पुन्हा बंद पडणारच. इथला बिघाड कचऱ्यात आहे, अंधारात आहे.

यंत्रणांनी काय करावं?

जंगलालगतचा कचरा रोज उचलावा, कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण नियमित करावं. पाड्यांवर आणि झोपडपट्ट्यांत दिवे आणि घराजवळ शौचालयं द्यावीत. कारण रात्री उघड्यावर जावं लागणाऱ्यांना सर्वाधिक धोका असतो, टॉवरमधून व्हिडिओ काढणाऱ्यांना नव्हे. रस्ता बांधताना प्राण्यांची वाट आराखड्यातच धरावी. हे शक्य आहे : पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी ९ मार्ग बांधले आणि वाघासह १८ प्रजाती ते वापरताना कॅमेऱ्यात दिसल्या.

तुम्ही काय करू शकता?

• ओला कचरा आणि उरलेलं अन्न उघड्यावर टाकू नका.
• अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका.
• जंगलालगत रात्री चालताना टॉर्च ठेवा, मोबाइलवर गाणं लावा किंवा मोठ्याने बोला.
• बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, पाठलाग करू नका. त्याला निघायला वाट द्या. घेरलेला बिबट्या हल्ला करू शकतो.
• वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.
• जुना व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून फॉरवर्ड करू नका.

बिबट्यासोबत राहा, असं सांगणं सोपं आहे. पण त्याची किंमत पाड्यावरच्या आईने मोजायची आणि कचरा मात्र आपण टाकायचा, हा न्याय नाही. पुढच्या वेळी ग्रुपवर क्लिप आली, तर पिंजऱ्याची मागणी करण्याआधी एक प्रश्न विचारा : आपल्या गेटबाहेरची कचराकुंडी शेवटची कधी उचलली होती?