नवीन मॅनिकिन नकोत, शिकवणारे घडवा

प्रति,
मा. सचिव,
वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
मंत्रालय, मुंबई – ३२

विषय : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील आपत्कालीन वैद्यकशास्त्राच्या अध्यापकांना सिम्युलेशन पद्धतीने शिकवण्याचे प्रशिक्षण मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कॅज्युअल्टी सांभाळून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना, इंटर्नना आणि रेसिडेंटना शिकवणारे अध्यापक आहोत. २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, स्किल लॅब बंधनकारक झाली आणि मॅनिकिन खरेदी झाले. त्यांच्यावर शिकवायचे कसे, हे मात्र आम्हाला कोणी शिकवले नाही. पुरवठादाराचा माणूस एका दुपारी येऊन बटणे दाखवून गेला, प्रशिक्षण म्हणून तेवढेच. आमच्यातल्या एकाच्या महाविद्यालयात तर मॅनिकिनवरचे प्लास्टिक अजून निघालेले नाही आणि खोलीची किल्ली स्टोअरकीपरकडे आहे.

आमचा विषय तरुण आहे. देशात त्याला स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. त्यामुळे आमच्यापैकी बरेच जण मेडिसिन, सर्जरी किंवा भूलशास्त्रातून इकडे आले. आम्हाला व्याख्यान देता येते, राउंडवर प्रश्न विचारता येतात. सिम्युलेशन हे वेगळे कौशल्य आहे, हे आम्हाला ठेच लागल्यावर कळले. त्यातला एक अनुभव सविस्तर मांडतो.

पहाटे पाचची वेळ. शेतातल्या घरात जमिनीवर झोपलेली चौदा वर्षांची मुलगी पोटात दुखते म्हणून आणली आहे. अंगावर चाव्याची खूण नाही, सूज नाही. पापण्या जड आहेत. हा प्रसंग आम्ही मॅनिकिनवर उभा केला. मुलीची आई एका सिस्टरने केली. इंटर्नने पोट तपासले, आम्लपित्ताचे इंजेक्शन सांगितले आणि मुलीला निरीक्षणाखाली ठेवले. काही मिनिटांत मॅनिकिनचा श्वास मंदावला, मग थांबला. हा मण्यारीचा दंश होता. प्रसंग संपताच अध्यापकाने सगळ्यांसमोर फैलावर घेतले, ‘मण्यार वाचली नव्हती का?’ इंटर्न मान खाली घालून उभी राहिली. पुढचा अर्धा तास खोलीत कोणीच तोंड उघडले नाही.

काही महिन्यांनी तोच प्रसंग दुसऱ्या गटासमोर ठेवला. तीच चूक झाली. या वेळी अध्यापकाने एवढेच विचारले, ‘पापण्या जड आहेत हे तू मोठ्याने म्हणालीस. तेव्हा तुझ्या मनात काय आले?’ ती म्हणाली, ‘झोपेतून उठवून आणलेय, म्हणून जड असतील असे वाटले.’ चुकीचे मूळ तिथे होते! तिला मण्यार पाठ होती. समोर दिसलेल्या लक्षणाला तिने सोयीचे कारण जोडले. ते उघड झाल्यावरच गटात खरे बोलणे सुरू झाले : पहाटे, जमिनीवर झोपलेला, पोटदुखी, जड पापण्या, म्हणजे मण्यार धरूनच चालायचे, प्रतिसर्पविष सुरू करताना अ‍ॅड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवायचे, श्वासनलिकेत नळी घालायची तयारी आधीच करायची. शिकणे घडते ते प्रसंगानंतरच्या या चर्चेत, म्हणजे डीब्रीफिंगमध्ये. ती चर्चा चालवायला सराव लागतो, आणि कोणीतरी शेजारी बसून आपली पद्धत तपासावी लागते.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने अध्यापकांसाठी किमान तीन दिवसांचे निवासी प्रशिक्षण सुरू करावे. त्यात प्रसंग लिहिणे, तो चालवणे आणि डीब्रीफिंग या तिन्हींचा प्रत्यक्ष सराव असावा. तेवढ्यावर थांबू नये. पुढचे वर्षभर अनुभवी मार्गदर्शकाने प्रत्येकाची काही सत्रे पाहावीत आणि त्यावर बोलावे. तीन दिवसांचा उत्साह कॅज्युअल्टीच्या पहिल्या रात्रपाळीत विरून जातो, हे आम्ही कार्यशाळांनंतर पाहिले आहे.

प्रसंग आपल्याकडचे हवेत. परदेशी संचात गोळीबाराचे जखमी असतात. आमच्या दारात कीटकनाशक प्यायलेला शेतकरी येतो, आणि बाहुल्या मोठ्या झाल्या, नाडी वाढली एवढे पाहून अ‍ॅट्रोपिन थांबवले जाते, छातीतली घरघर तशीच असताना. फुरसे, घोणस, विंचू, बाळंतपणातला रक्तस्राव यांवरचे प्रसंग अध्यापकांकडून लिहून घेऊन सर्व महाविद्यालयांना द्यावेत. नातेवाइकांचे संवाद मराठीत असावेत. वाईट बातमी सांगण्याची वेळ येते तेव्हा डॉक्टरला मराठीतच बोलायचे असते. सिस्टर, वॉर्डबॉय आणि १०८ रुग्णवाहिकेवरील डॉक्टर यांनाही या सत्रांत बसवावे, कारण रात्री दोन वाजता तेच सोबत असतात.

प्रशिक्षणासाठी आणि सत्रांसाठी दिलेला वेळ अध्यापनाचे तास म्हणून धरावा व त्या काळात कॅज्युअल्टीवर बदली अध्यापक द्यावा. प्रत्येक स्किल लॅबला एक तंत्रज्ञ आणि सुटे भाग, सिरिंज, नळ्या यांसाठी छोटा वार्षिक निधी मिळावा. महागडी नवीन यंत्रे आम्ही मागत नाही. गळ्यातून आपत्कालीन श्वासमार्ग करण्याचा सराव खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या श्वासनलिकेवर उत्तम होतो. तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठीची प्रसिद्ध बाहुलीसुद्धा १९६० मध्ये नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्यानेच घडवली होती.

आणखी एक. सरावसत्रात झालेली चूक अंतर्गत गुणांत धरू नये, तिचे चित्रीकरण परवानगीशिवाय कोणाला दाखवू नये, असे लेखी आदेश निघावेत. त्याशिवाय विद्यार्थी मनातले बोलणार नाहीत.

या विषयावर प्रत्यक्ष भेटीसाठी वेळ द्यावा, ही विनंती. मण्यारीचा प्रसंग आम्ही लिहून तयार ठेवला आहे; आपल्या दालनात वीस मिनिटांत करून दाखवू.

आपले विश्वासू,
आपत्कालीन वैद्यकशास्त्राचे अध्यापक,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, महाराष्ट्र

प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीसाठी : मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक