पेटीवरचा खटला आणि झाडीपट्टीतला कीबोर्ड

झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू झाला की एक आरोप हमखास ऐकू येतो : कीबोर्डने दंडार बुडवली, खडी गंमत बुडवली, नाटकाचे संगीत बेसूर केले. आरोप करणारे बहुधा शहरात राहतात. मंडपात रात्र काढणारे त्यांत थोडे. तेवढ्यावरून आरोप खोटा ठरत नाही. पण पट्ट्यांच्या वाद्यावर या देशात असाच एक खटला पूर्वी चालला आहे. त्याचा निकालही लागला होता, आणि तो निकाल चुकला होता.

आधी स्थळ पाहू. भंडारा, गोंदिया (१ मे १९९९ पर्यंत हा भंडाऱ्याचाच भाग), चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. धान घरात आले, दिवाळी झाली, की मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने साकोली, लाखांदूरकडच्या गावांत रात्रभर चालणारी नाटके लागतात. नाट्यमंडळ्यांचे मोठे केंद्र वडसा. गाणे अजूनही प्रत्यक्ष वाजवले जाते. दंडार आणि खडी गंमत ढोलकी, तुणतुणे, टाळ यांच्यावर उभी होती. संगीत नाटकाच्या वळणाने पायपेटी, म्हणजे ऑर्गन, आला. आज त्याच जागी कीबोर्ड आणि शेजारी ऑक्टोपॅड असतो. कीबोर्डला कोणी ‘कॅसिओ’ म्हणते, तर अनेक जण अजूनही ‘ऑर्गन’च म्हणतात. वाद्य बदलले तरी जागेचे नाव टिकले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या नावापाशी थोडे थांबायला हवे, कारण ज्याला आज ‘आपला जुना ऑर्गन’ म्हणून आठवले जाते तोही परकाच होता.

हार्मोनियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ याने घडवला. मांडी घालून वाजवायची हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यातून पुढे आली. (तिच्या आतल्या स्वरपत्त्या पितळेच्या असतात, हे पितळी भांड्यांच्या भंडाऱ्याला सांगायला हरकत नाही.) तिच्यावर दोन दोष ठेवले गेले. एक, तिचे स्वर ठरावीक, समान अंतरावर कापलेले. श्रुतींना जागा नाही. दोन, तिच्यात मींड नाही. स्वरातून स्वरात घसरत जाता येत नाही.

पहिल्या दोषावर उपाय महाराष्ट्रातूनच निघाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत गायक-वादकांनी ती नाकारली. त्यानंतर १९४० च्या मार्चमध्ये आकाशवाणीने स्टुडिओतून पेटीच हद्दपार केली. भारतीय संगीताच्या शुद्धतेसाठी घेतलेल्या या निर्णयाच्या काळात नभोवाणीचे प्रमुख होते लायोनेल फील्डन, आणि पेटीविरुद्ध कडाडून लिहिणारे होते तिथलेच संगीतकार जॉन फोल्ड्स. दोघेही इंग्रज! रवींद्रनाथ ठाकुरांनीही बंदीची बाजू घेतली, हे मान्य करावे लागते. पण मंडपातल्या वादकाला कोणी काही विचारले नाही. १९४८ मध्ये नागपूर केंद्र सुरू झाले तेव्हाही बंदी लागू होती. ती उठली १९७१ मध्ये, तीही अंशतः. तीन दशके जी पेटी रेडिओवर अस्पृश्य होती, तिच्यावरच गावोगाव नाट्यगीते आणि भजने वाजत राहिली. आणि पेटीला नावे ठेवणारा गवई आपली पट्टी ‘काळी एक’, ‘पांढरी दोन’ अशीच सांगत राहिला.

आता तेच दोन दोष वर्कस्टेशनला लावून पाहावेत. नादांचा साठा, अनेक वाद्यांचे थर साठवून पुन्हा वाजवणारा सिक्वेन्सर आणि घुमारा-प्रतिध्वनी हे सारे एकाच पेटीत कोंबलेला कीबोर्ड म्हणजे वर्कस्टेशन. १९८८ च्या कोर्ग एम-वनने हा साचा रूढ केला. १९९९ च्या कोर्ग ट्रायटनमध्ये अरबी, पायथागोरसचे आणि जावाचे स्लेंद्रो-पेलोग असे स्वरक्रम तयार मिळत होते. शिवाय वाजवणाऱ्याने बारा स्वर स्वतः लावावेत यासाठी मोकळी जागा होती. समान विभागणीतला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. देवल-क्लेमंट्स यांना ज्यासाठी नवे वाद्य घडवावे लागले, त्यातला बराच भाग इथे चार बटणांत होतो. मींडेसाठी डाव्या हाताशी स्वर वाकवणारे चाक किंवा दांडी असते. तेव्हा १९४० चे आरोपपत्र या वाद्यापुरते निकालात निघाले आहे. तरीही ‘यात श्रुती नाहीत’ हे वाक्य जसेच्या तसे फिरते. ते बोलणाऱ्याने वाद्याची स्वर लावण्याची सोय कधी उघडून पाहिलेली नसते.

मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रे घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले. तालयंत्राच्या ठेक्यावर, स्वर घसरवत. रेकॉर्ड फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य रसिक चकित झाले. आपल्याकडे तिची दखल कोणी घेतली नव्हती, कारण यंत्र आणि राग एकत्र ऐकायची कोणाची तयारीच नव्हती.

याचा अर्थ कीबोर्ड निर्दोष आहे, असे मुळीच नाही. शुद्धतावाद्यांचा आरोप चुकतो तो यासाठी की त्याच्या गलबल्यात खरा आरोप ऐकू येत नाही. दुकानात हे वाद्य पारखले जाते ते नादांच्या संख्येवर : हजार टोन की दोन हजार? मंडपात त्यांतले वीससुद्धा लागत नाहीत. त्याऐवजी लागतो तो तयार ठेका, आणि तो ठेका कुठल्या तरी दूरच्या स्टुडिओत भरलेला, चित्रपटगीताच्या मापाचा असतो. दंडारीत समोरासमोर नाचणाऱ्या दोन रांगांची पावले त्याला ठाऊक नसतात. नाचणारा थकला की ढोलकीवाला हात सैल करतो. सिक्वेन्सर करीत नाही. आणि एक माणूस बटण दाबून चौघांचे काम करू लागला की मंडळीच्या हिशेबाच्या वहीतून तीन नावे जातात. नुकसान मोजायचे असेल तर ते इथे मोजावे, श्रुतींत नव्हे.

पट्टी बदलण्याचे बटणही असेच दुधारी. नायिका काळी चारमध्ये आणि नायक काळी एकमध्ये गातो तेव्हा ते वादकाला वाचवते. पण ऑर्गनवर सगळ्या पट्ट्या हाताखालून काढलेला जुना वादक आणि एकाच पट्टीत बोटे बसलेला नवा वादक यांच्यातले अंतर वीज गेल्यावर कळते. तेव्हा समोर हातपेटी ठेवली, तर जुना वाजवतो आणि नवा थांबतो.

तेव्हा पारख करायची तर ती मंडपातच करावी. तंबोरा लावून गंधार १४ सेंट उतरवता येतो का आणि बसवलेला स्वरक्रम साठवून ठेवता येतो का, हे आधी पाहावे. रोलँडच्या एक्सपीएस मालिकेतल्या वाद्यांप्रमाणे बाहेर मुद्रित केलेला नाद आत भरता येतो का, हे त्यानंतर. येत असेल तर गावातल्याच ढोलकीवाल्याला बोलवावे, त्याच्या थापा भरून घ्याव्यात आणि त्याचे मानधन द्यावे. तेवढे झाले की ठेका बंद करून, त्यालाच शेजारी बसवून, पहाटेपर्यंत एक अख्खे नाटक वाजवून पाहावे.