एन व्हॅल्यू किती?

फ्लॅट बघताना आपण टाइल्स कुठल्या, पार्किंग कव्हर्ड आहे का, सगळं विचारतो. आणि खालची माती? परवा मी बोअर लॉग मागितला, तर सेल्सवाला म्हणाला, "सर, आधी सॅम्पल फ्लॅट तर बघा!"

आता त्या लॉगमध्ये असतं काय? ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकत स्प्लिट स्पून नळी ४५ सेंटिमीटर आत ठोकतात. पहिल्या १५ चे ठोके सोडून द्यायचे, कारण भोकाच्या तळाची माती ड्रिलिंगनं आधीच ढवळलेली असते. उरलेल्या ३० चे ठोके म्हणजे एन व्हॅल्यू. उन्हात मोजणारा माणूस कंटाळला की आकडा अंदाजानंच पडणार. आमच्या भाषेत, टेस्ट न चालवताच 'पास' लिहिणं. (मीही केलंय. पण माझ्या कोडवर बारा मजले उभे नव्हते.)

शिवाय ठोकून काढलेला नमुना विस्कटलेला. चिकणमाती किती दबेल हे कळायला पातळ नळी हळूच दाबून, टोकं मेणानं बंद करून लॅबला न्यावी लागते. तो खर्च वाचवायचा मोह होतोच.

म्हणून म्हणतो, बुकिंगआधी लॉग मागाच. सगळ्या भोकांत तेच ते आकडे दिसले, तर ठोके मोजताना तिथे कोण उभं होतं ते विचारा. माझा चेक अजून खिशातच आहे.