उतारवयातील शेती : हौस आणि हिशेब

नोकरीतून मोकळे झाल्यावर गावी जाऊन स्वतः शेती करावी, ही इच्छा आपल्याकडील असंख्य नोकरदारांच्या मनात तरुणपणापासून घर करून असते. गावात अशा मनुष्याची थट्टा होते, आणि हितचिंतक त्यास पेन्शन खाऊन स्वस्थ बसण्याचा उपदेश करितात. ती थट्टा सर्वस्वी योग्य नाही व ती इच्छाही सर्वस्वी निर्दोष नाही, असे आमचे मत आहे. ते स्वानुभवाने बनले असल्याने वाचकबंधूंपुढे ठेवितो.

आमचा जन्म तहसील कचेरीत कारकुनी करण्यात गेला. दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावरील पिकांच्या नोंदी आम्ही हजारोंनी तपासल्या. आमच्या नावावरील पाच एकर मात्र केमच्या शिवारात तीस वर्षे निमे वाट्याने दिलेले होते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन आम्ही गावी आलो. केम हे गाव कुंकवाकरिता दूरवर ओळखले जाते. करमाळा तालुक्यात उजनीच्या जलाशयाकाठी ऊस व केळी डोलतात, पण आमचे रान कोरडवाहू. तेथे रब्बी ज्वारी हेच मुख्य पीक.

पहिल्याच वर्षी आम्ही दोन चुका केल्या. पहिली, पाणाड्याच्या शब्दावर विसंबून साडेचारशे फूट बोअर घेतले. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी बहुधा वरच्या मुरमाड थरात व भेगांत असते. भेग न लागल्यास कितीही खोल गेले तरी धूळच निघते. आमचीही धूळच निघाली, आणि फंडाचे पाऊण लाख रुपये जमिनीत गेले. दुसरी चूक पेरणीची. आमच्या वाटेकऱ्याने आश्विनाच्या आरंभीच सांगितले होते, "भाऊसाहेब, वापसा आहे तोवर चाड्यावर मूठ धरा." आम्ही ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राची वाट पाहत बसलो. वापसा गेला, पेरणी कार्तिकात ढकलली गेली, आणि तीन एकरांत जेमतेम पाच क्विंटल ज्वारी पदरी पडली.

परंतु याहून मोठी गोष्ट आमच्या लक्षात उशिरा आली. आम्ही ज्यास आपले स्वप्न म्हणत होतो, ते त्या वाटेकऱ्याच्या संसाराचे अन्न होते. रान आमचे असले तरी त्याची जाण त्याची होती. आम्ही जमीन परत मागितली तेव्हा त्याने तक्रार केली नाही, आणि तेच आम्हांस अधिक लागले. दुसऱ्या वर्षी आम्ही त्याच्या घरी जाऊन पुन्हा भागी केली. पेरणीचा दिवस तो ठरवील, वही आम्ही लिहू, असा करार झाला. मालदांडी वेळेवर पेरली गेली व बारा क्विंटल झाली. धान्याने खर्च निघाला. शिल्लक राहिली ती कडब्याने.

हिशेबाच्या या वहीवरून शरद जोशी यांचे उदाहरण आठवते. टपाल खात्यातील हा अधिकारी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेच्या कचेरीत मोठ्या पगारावर होता. ती नोकरी सोडून, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी १९७७ च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेतली. अक्कलहुशारी व भांडवल असूनही शेती तोट्यात का जाते, हे त्यांनी स्वतःच्या रानात पाहिले, आणि त्यातून उत्पादनखर्चावर आधारित भावाची मागणी पुढे आली. १९७९ साली शेतकरी संघटना उभी राहिली. त्यांच्या सर्वच मतांशी आम्ही सहमत आहोत असे नाही. पण उतारास लागलेल्या वयात केलेली शेती केवळ हौस न राहता चार लोकांच्या उपयोगी कशी पडते, ते तेथे दिसते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. ज्याची चूल पेन्शनवर पेटते त्यास एक वर्ष बुडाले तरी उपास पडत नाही. शेजारच्या शेतकऱ्यास पडतो. म्हणून नवे बियाणे, नवी पद्धत यांचा धोका आधी पेन्शनवाल्याने आपल्या अर्ध्या एकरावर घ्यावा, आणि हिशेब खरा लिहावा. त्यात घरच्या माणसांची मजुरीही धरावी. कृषिमूल्य आयोग पिकाचा खर्च काढताना कुटुंबाच्या श्रमाचे मोल मोजतो. आपण मात्र ते फुकट समजतो व नफा झाल्याचे समाधान मानितो. आम्ही ती मजुरी धरली तेव्हा दुसऱ्या वर्षाची शिल्लक निम्म्याहून खाली आली.

या वाटेने येऊ इच्छिणाऱ्यांस तीन सूचना. ज्याच्या नावे शेतजमीन नाही त्याने इसार देण्यापूर्वी १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ समजून घ्यावे. जो शेतकरी नाही त्यास परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, हे पैसे देऊन बसल्यावर कळलेले लोक आम्ही कचेरीत पाहिले आहेत. फंडाची सर्व रक्कम रानात घालू नये. पत्नीच्या औषधपाण्याचा भाग आधी बाजूस काढावा. तिसरे, शिकण्याची लाज धरू नये. सोलापुरास कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे, आणि मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्या केंद्रात निवडलेली. तेथे विचारणाऱ्याचे वय कोणी पुसत नाही.

२०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर करावयाची असते. गेल्या रब्बीत आम्ही बांधावर उभे राहून आमच्या गटात 'ज्वारी' अशी नोंद केली. जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासलेल्या हाताने ती तीन वेळा तपासली. वाटेकरी हसत होता. आमची तिन्ही वर्षांची वही, बोअरच्या तोट्यासह, घरी आहे. कोणाही शेतकरी बंधूने येऊन ती पाहावी.